पाचवा दिवस कुठे दडलेला असतो?

जर्मनीतल्या येना शहरात एर्न्स्ट आबे या पदार्थवैज्ञानिकाचं स्मारक आहे आणि त्यावर एक सूत्र कोरलेलं आहे. सूक्ष्मदर्शकातून जास्तीत जास्त किती बारीक पाहता येईल, याची सीमा ते सूत्र सांगतं. याच आबेंनी १९०० साली कार्ल झाइसच्या कारखान्यात रोजचं काम ९ तासांवरून ८ तासांवर आणलं आणि मग शास्त्रज्ञाच्या सवयीने मोजायला बसले. नगावर मजुरी घेणाऱ्या २३३ कामगारांचं आधीचं वर्ष आणि नंतरचं वर्ष त्यांनी ताडून पाहिलं. तासामागचं काम १६.२ टक्क्यांनी वाढलं होतं. गुणाकार करून पाहा: ८ तासांत पूर्वीच्या ९ तासांपेक्षा थोडं जास्तच काम झालं होतं!

आबेंच्या कामगारांपुढे मोजता येणारे नग होते, ज्याचे त्याने पूर्ण करायचे. आजच्या ऑफिसातलं काम मात्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरतं. कुणी मागणी करतं, कुणी मंजुरी देतं, कुणी कोड लिहितं, कुणी तपासतं. अशा कामाचा आठवडा छोटा करायचा तर काय करायचं? या प्रश्नाचं मला सर्वांत थक्क करणारं उत्तर मिळालं ते हैदराबादच्या एका टीममध्ये.

मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत सॉफ्टवेअरमधल्या दुरुस्त्या आणि छोटे बदल करणारी ही टीम. मूठभर प्रोग्रामर, मूठभर टेस्टर. २००४ मध्ये द्रागोश दुमित्रिउ यांनी तिची सूत्रं हाती घेतली तेव्हा एखादी मागणी पूर्ण व्हायला सरासरी पाच महिने लागत होते आणि मागण्या करणारे वैतागले होते. माणसं कामसू आणि हुशार होती. मग वेळ जात कुठे होता? सहकारी डेव्हिड अँडरसन यांच्याबरोबर बसून दुमित्रिउंनी कामाची वाट शोधली, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. नवी मागणी आली की ‘याला किती वेळ लागेल’ याचा अंदाज ४८ तासांत द्यायचा, असा नियम होता. या अंदाजांसाठी हातातलं काम बाजूला पडे आणि टीमची सुमारे एक तृतीयांश ताकद त्यातच खर्च होई. दुसरं म्हणजे, प्रत्येक मागणी आपल्या आयुष्यातला बहुतेक काळ नुसती रांगेत उभी असे.

त्यांनी अंदाज देणं थांबवलं आणि एका वेळी हातात किती कामं घ्यायची यावर मर्यादा घातली. एक जागा रिकामी झाली की मगच पुढचं काम आत. पुढे टीममध्ये थोडी माणसं वाढली, पण सुरुवातीचा मोठा बदल तेवढ्याच माणसांनी घडवला. सुमारे १५५ दिवसांचा काळ अखेर १४ दिवसांवर आला.

यामागचं गणित इतकं छोटं आहे की पहिल्यांदा वाचताना विश्वास बसत नाही. पुढे एमआयटीत प्राध्यापक झालेले जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची सिद्धता दिली. हातातली कामं भागिले कामं संपण्याचा वेग, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी काळ. तीस कामं उघडी असतील आणि आठवड्याला पाच संपत असतील, तर प्रत्येक काम सरासरी सहा आठवडे रखडणार. उघडी कामं पंधरावर आणा, वेग तोच ठेवा. आता तीन आठवडे. कुणी एका मिनिटानेही घाई केलेली नाही! कामं कोणत्या क्रमाने येतात, कोणतं छोटं आणि कोणतं मोठं, याची या नियमाला फिकीर नाही. आवक-जावक दीर्घकाळ स्थिर असली की झालं.

दुसरा चमत्कार माणसं किती गुंतलेली आहेत यात आहे. एक खिडकी, तिच्यासमोर मनाला येईल तेव्हा येणारी माणसं आणि कुणाचं काम छोटं, कुणाचं मोठं, असं रांगेचं सर्वांत साधं प्रारूप घ्या. खिडकीवरचा माणूस ८० टक्के वेळ कामात असेल, तर एका कामाला लागणाऱ्या सरासरी वेळेच्या चौपट वाट पाहावी लागते. ९० टक्क्यांवर नऊपट. ९५ टक्क्यांवर एकोणीसपट. प्रत्येकाचं कॅलेंडर ठासून भरण्यात धन्यता मानणारे मॅनेजर नकळत ही एकोणीसपट रांग लावत असतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि या रांगेत काही कामं बाहेरून आलेलीच नसतात. ती आपणच निर्माण केलेली असतात. त्यांचं नाव दोष, म्हणजे डिफेक्ट, बग. एकदा झालेलं काम पुन्हा दारात येतं, नवं काम अडवतं आणि रांग फुगवतं. टीमचा एक पंचमांश वेळ जुन्या चुका निस्तरण्यात जात असेल, तर पाच दिवसांच्या आठवड्यातला तो अख्खा एक दिवस झाला. तो दिवस सुट्टीचा होऊ शकला असता.

दोष जागच्या जागी पकडायची युक्ती संगणकाहून जुनी आहे. जपानच्या साकिची तोयोदा यांनी १८९६ मध्ये यंत्रमाग बनवला. आडवा धागा तुटला की तो आपोआप थांबे. १९२४ च्या त्यांच्या मागात धोटाही माग न थांबवता आपोआप बदलला जाई आणि उभा धागा तुटला तरी माग थांबे. इचलकरंजी-भिवंडीच्या वाचकाला याचं मोल सांगायला नको: धागा तुटलेला लक्षात आला नाही तर पुढचं सगळं कापड वाया. माग स्वतःच थांबू लागला, तेव्हा माणसाची नुसती पाळत ठेवण्यातून सुटका झाली आणि एकाला अनेक माग सांभाळता आले. तोयोदांच्याच कापड कंपनीतून ताइइची ओनो मोटारींच्या कारखान्यात गेले आणि हा विचार बरोबर घेऊन गेले. टोयोटात साध्या कामगारालाही दोरी ओढून अडचण जाहीर करता येते. लगेच टीमप्रमुख धावून येतो आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तर अख्खी लाइन थांबते. ऑफिसातही तेच सूत्र: आजच्या चुकीची दुरुस्ती आजच, कारण अजून आठवतंय की नेमकं काय केलं होतं. तोच बग तीन आठवड्यांनी परत आला तर आधी आपणच लिहिलेलं वाचून समजून घ्यावं लागतं.

या जाणिवेनेच चार दिवसांच्या आठवड्याचे प्रयोग पाहायला हवेत. मायक्रोसॉफ्ट जपानने ऑगस्ट २०१९ मध्ये पाचही शुक्रवार सुट्टी दिली आणि मीटिंगना अर्ध्या तासाची मर्यादा घातली. माणशी विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा सुमारे ४० टक्के वाढली. एका महिन्याच्या आकड्यावर मी फार भार टाकणार नाही. ब्रिटनमधला २०२२ चा प्रयोग जास्त वजनदार आहे: ६१ संस्था, सुमारे २,९०० माणसं, सहा महिने, पगार पूर्ण. संपल्यावर त्यातल्या ५६ संस्थांनी छोटा आठवडा पुढे चालू ठेवला. अशा संस्था तयारीत पहिला हात घालतात तो मीटिंगा, अडलेल्या मंजुऱ्या आणि दुबार कामांना. तसं न करता शुक्रवार नुसता कापला, तर रांग तशीच राहते आणि गुरुवारची रात्र लांबते.

सुट्टीची मागणी आपल्याकडेही जुनी आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली होती. त्या कामगारांच्या हातात मागणी करणं होतं, गिरणीतलं काम कसं चालावं हे ठरवणं नव्हतं. आजच्या टीमच्या हातात यातलं बरंच काही आहे.

म्हणून टीममध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. या आठवड्यात दोन आकडे काढा: आत्ता किती कामं उघडी आहेत, आणि गेल्या महिन्यात संपलेल्या कामांपैकी किती दुरुस्तीसाठी परत आली. दोन्ही आकडे सर्वांना दिसतील असे फळ्यावर लिहा आणि जुनं एक संपेपर्यंत नवं एक उघडू नका. छोट्या आठवड्याची मागणी घेऊन साहेबांकडे जाल, तेव्हा हेच आकडे बरोबर न्या.