भयाचा अंमल आणि बुद्धाचा उपाय

मज्झिमनिकायातील ‘भयभेरवसुत्ता’त, श्रावस्तीच्या जेतवनात जाणुस्सोणि ब्राह्मणाशी बोलताना, बोधिप्राप्तीपूर्वी आपण चतुर्दशी, पंचदशी व अष्टमीच्या रात्री भयावह अशा अरण्यातील चैत्यस्थानी मुद्दाम कसे राहिलो, याचे निवेदन भगवान बुद्धांनी केले आहे. एखादे हरीण जवळ येई, मोर काटकी पाडी, वारा पाचोळा सळसळवी. परंतु चालत असता भय उपजले तर ते ओसरेपर्यंत चालतच राहावयाचे, बसले असता उपजले तर बसूनच राहावयाचे, असा त्यांचा नियम होता.

या नियमाचे मर्म असे की, भयाच्या हुकमाने आपण जागा सोडली म्हणजे त्याचा अंमल पक्का होतो. कचेरीतून जप्तीची नोटीस आली म्हणजे आपण लखोटा न फोडताच फडताळात सारतो. त्याऐवजी तेथेच बसून, छातीतील धडधड व घशाची कोरड शांतपणे जाणत राहावे आणि मग लखोटा फोडावा, हे त्या नियमाचे प्रापंचिक रूप होय. मलिन आचरण हेही भयाचे एक कारण असल्याचे याच सुत्तात सांगितले असल्यामुळे, आपले वर्तन चोख आहे ना, याची तपासणीही तितकीच अगत्याची आहे. ज्याला हा अभ्यास साधला, त्याला क्रोध व शोक यांनाही त्याच धैर्याने सामोरे जाता येते.