औंढ्याची वेधशाळा आणि पडद्यावरचे विज्ञान

१ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. शेजारच्या आंध्रात तेलुगू व कर्नाटकात कन्नड कार्यक्रम पोहोचले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. पुढे डॉ. जयंत नारळीकरांची 'ब्रह्मांड' ही मालिका आली, तीही हिंदीत! आज पुसेगावच्या विद्यार्थ्याला आफ्रिकेतला सिंह हरणावर झेप कशी घेतो हे पडद्यावर पाहून ठाऊक असते. त्यात वावगे काही नाही.

परंतु त्याच्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो' वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. परस्परांशी काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेसर किरण, आणि मोजायचा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही सूक्ष्म! खडू-फळ्याने हे शिकवताना उत्तम शिक्षकही थकेल. हलत्या चित्राला मात्र ते सहज साधेल. रस्त्यावरून जाणाऱ्या मालमोटारीचा कंपही या यंत्राला का खुपतो, हे तर गावकऱ्यांना प्रथम कळले पाहिजे.

प्रकल्पात पुण्याची 'आयुका' सहभागी आहे, आणि सह्याद्री वाहिनी मराठीचीच आहे. यंत्र सुरू होण्यापूर्वी या दोघांनी मिळून अर्ध्या तासाचा मराठी अनुबोधपट काढावा आणि त्याचा पहिला खेळ मुंबईत नव्हे, पुसेगावच्या शाळेत करावा.