नाच, नृत्य की डान्स?

आमच्या वस्तीतील जयंती उत्सव समितीच्या सांस्कृतिक कार्यक्रमाची यादी लिहिण्याचे काम दरवर्षी आमच्याकडे येते. कचेरीत कारकुनी करणाऱ्याचे अक्षर चांगले असते, असा लोकांचा समज! यंदा नववीतील एका मुलीने आपल्या नावापुढे 'डान्स' असे लिहून दिले. तिचे वडील म्हणाले, "भाऊ, डान्स नको, नृत्य लिहा. बरे दिसते." विहाराच्या पायरीवर त्यांची आई बसली होती. ती एकदम म्हणाली, "नाच म्हना की! म्या उभ्या जल्मात नाचच केला. तवा कुनी नृत्य म्हनलं न्हाई."

मुलीच्या वडिलांची मान खाली गेली. आजींनी तरुणपणी तमाशाच्या फडात दिवस काढले, हे वस्तीला ठाऊक आहे. पण घरात त्याची वाच्यता होत नाही. यादी अपुरी ठेवून आम्ही घरी आलो. ते तीन शब्द मात्र डोक्यातून जाईनात.

वास्तविक 'नृत्य' आणि 'नाच' हे सख्खे भाऊ. संस्कृतात नृत्य, पाली-प्राकृतात नच्च आणि त्यावरून आपला नाच. एक पोथीत राहिला म्हणून सोवळा, दुसरा लोकांच्या तोंडी फिरला म्हणून ओवळा. इंग्रजांनी इथला 'नाच' उचलून त्याचा 'नॉच' केला, आणि १८९० नंतर मद्रासेकडे त्याच नावाने नाचणाऱ्या बायांविरुद्ध चळवळ उभी राहिली. त्याच इंग्रजांचा 'डान्स' आज आमच्या मुलांना सभ्य वाटतो!

उपोसथाला अष्टशील घेणाऱ्या उपासक-उपासिकांना 'नच्च' हा शब्द परिचयाचा आहे. त्या दिवशी नाच-गाण्यापासून दूर राहावयाचे असते. काही मंडळी याचा आधार घेऊन मुलींच्या नाचावरच बोट ठेवतात. परंतु हे शील घेणाऱ्याने स्वतःसाठी घ्यावयाचे आहे, दुसऱ्याच्या मुलीला नावे ठेवण्यासाठी नव्हे. रोजच्या पंचशीलात तर ते नाहीच.

आपली मराठीही या शब्दाशी नीट वागलेली नाही. नाचता येईना अंगण वाकडे, दुसऱ्याच्या तालावर नाचणे, नंगानाच, सगळी टीकाच. कागदी घोडे नाचविणे तर आमच्या कचेरीचा नित्यक्रम! पुरुषाला 'नाच्या' म्हटले की ती शिवीच झाली. आनंदाने नाचणे एवढा एकच प्रयोग त्यातल्या त्यात बरा.

मद्रासकडे देवदासींचे 'सदिर' होते. १९३० नंतर ते 'भरतनाट्यम्' या नावाने वरच्या जातींतील मुली शिकू लागल्या. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली 'कलाक्षेत्र' स्थापन केले. १९४७ साली मद्रास सरकारने मुली देवाला वाहण्याची चाल कायद्याने बंद केली, हे योग्यच झाले. पण ज्या घरांनी ती कला सांभाळली त्यांच्याकडे कलंक राहिला आणि मान दुसरीकडे गेला.

आपल्याकडे पवळा हिवरगावकर ही महार समाजातील मुलगी आणि पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, यांचा फड गाजला. पवळेच्या नाचावर मिळविलेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी बापूरावांची देणगी परत केल्याची हकीकत चळवळीत सांगितली जाते. पुढे भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाची रीत घेतली, पण नाचणारी बाई आणि शृंगारिक लावणी बाजूला ठेवली. आजींसारख्यांना मात्र जलशाचा आधार मिळाला नाही. त्या फडातच राहिल्या. विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने आज राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. २००२ साली त्या गेल्या, आणि शेवटचे दिवस त्यांनी ओढाताणीत काढले.

२००५ साली राज्य सरकारने बिअर बारमधील नाचावर बंदी घातली, तेव्हा आम्ही विशीत होतो आणि बंदीच्या बाजूने तावातावाने बोलत होतो. तीन व त्याहून अधिक तारे असलेल्या हॉटेलांना त्यातून सूट होती, ही गोष्ट आम्हांस तेव्हा खटकलीही नाही. साध्या बारमध्ये नाच, मोठ्या हॉटेलात मात्र डान्स! उच्च न्यायालयाने २००६ साली ही बंदी घटनाबाह्य ठरविली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो निर्णय कायम केला. मधल्या आठ वर्षांत त्या बायांच्या घरी चूल कशी पेटली, हे आमच्यापैकी कितीजणांनी विचारले? आम्ही तरी विचारले नाही.

असो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यादी घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलगी अभ्यास करीत होती, आजी दारात तांदूळ निवडीत होत्या. आम्ही सरळ विचारले, "मावशी, पोरीने नाचावे असे तुम्हांला वाटते का?"

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तिला नाचायचं हाय. मला नाचावं लागलं. ह्ये दोन येगळं हायत, भाऊ."

मुलीच्या वडिलांनी ते आतून ऐकले. आम्ही यादीत 'नाच' लिहून कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाचला आणि परत दिला. 'नृत्य करा' असे काही म्हणाले नाहीत.

निघताना पाहिले तर आजी पेटीतून चाळ काढून बसल्या होत्या. नातीला सांगत होत्या की चाळ उघड्या पायावर बांधायचे नाहीत, आधी जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळायची, नाहीतर घोटा सोलून निघतो. मग त्यांनी आपला घोटा पुढे केला. तिथली कातडी अजूनही काळी आहे.