लांब राहा, पण बोलणं का बंद?

‘त्यांच्याकडे पेशंट आहे, आता पंधरा दिवस संबंध नको.’ कोविडच्या काळात हे वाक्य इतकं ऐकलं, की साथीबरोबर तेही जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत एका घरी स्वाइन फ्लू निघाला आणि दुसऱ्याच दिवशी दूधवाला त्या मजल्यावर चढेना. कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनाही कुणीतरी ‘तिथलं उचलू नका’ म्हणून सांगितलं होतं. घरात सत्तरी ओलांडलेल्या आजी आणि त्यांचा आजारी मुलगा, दोघंच. शेजाऱ्यांपैकी एकानेही त्यांना साधा फोन केला नव्हता. विचारलं तर म्हणे, ‘डॉक्टरच अंतर पाळायला सांगतात ना!’

डॉक्टर सांगतात ते श्वासापुरतं. फ्लू असो वा कोविड, रुग्णाच्या खोकण्या-शिंकण्यातून, बोलण्यातून, श्वासातून उडालेले कण दुसऱ्याच्या नाकातोंडात गेले की लागण होते. म्हणून एक-दोन मीटर लांब राहायचं, मास्क लावायचा, बंद खोलीत एकत्र बसायचं नाही, खिडक्या उघड्या ठेवायच्या. फोन करू नका, चौकशी करू नका, औषधं आणून देऊ नका, असं आजवर कुठल्याही आरोग्य खात्याने सांगितलेलं नाही. फोनमधून विषाणू येत नाही हे शिकल्यासवरल्या माणसांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, याचा मला खरंच राग येतो.

डबा द्यायलाही काही अडचण नाही. दाराबाहेर स्टूल ठेवा, त्यावर डबा ठेवा, बेल वाजवा आणि चार पायऱ्या उतरून उभे राहा. दार उघडलं की मास्क न काढता तिथूनच विचारा: ताप किती आहे, रात्री झोप लागली का, आजींच्या बीपीच्या गोळ्या संपल्या नाहीत ना. हवा खेळती असलेल्या जिन्यात किंवा गॅलरीत इतक्या लांबून दोन मिनिटं बोलण्यात धोका अगदी थोडा. रिकामा डबा परत आला की नेहमीच्या साबणाने घासा आणि हात धुवा. मार्च २०२० मध्ये एका प्रयोगात कोरोनाचा विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर तीन दिवसांपर्यंत टिकलेला दिसला, तेव्हापासून लोकांनी डब्यांचा धसका घेतला. प्रयोग खरा होता, पण तो प्रयोगशाळेतला. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे.

‘पण सावध राहण्यात नुकसान काय?’ असं विचारणाऱ्यांना पुण्याच्या प्लेगची आठवण करून द्यायला हवी. १८९७ मध्ये रँडच्या प्लेग समितीच्या काळात सोजीर घरात घुसून रुग्ण शोधत आणि उचलून नेत. परिणाम असा झाला, की लोक रुग्ण लपवू लागले. आज घरात कुणी घुसत नाही, पण ‘कळलं तर वाळीत टाकतील’ ही भीती तेच काम करते. माणूस टेस्ट टाळतो, क्रोसिन घेऊन ऑफिसला जातो, अंगात ताप असताना लग्नाच्या पंगतीत बसतो. ज्या शेजाऱ्यांना स्वतःची काळजी आहे, त्यांनी तरी रुग्णाला आपणहून सांगावंसं वाटेल असं वागायला नको का? कोविड रुग्णांच्या घरांवर पोस्टर लावण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा केंद्रानेच सांगितलं की आमच्या सूचनांत असं काही नाही. ९ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयाने निकाल दिला, की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याने खास आदेश दिल्याशिवाय अशी पोस्टर्स लावता येणार नाहीत.

एकटं पडणं हाही एक त्रास आहे, आणि तो मोजलेला आहे. विलगीकरणाच्या परिणामांवरच्या २४ अभ्यासांचा आढावा फेब्रुवारी २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. लोकांना मानसिक त्रास कशाने झाला, याच्या यादीत संसर्गाच्या भीतीबरोबर कंटाळा, अपुरी माहिती, सामानाची टंचाई आणि समाजाने लावलेला कलंक हेही होतं. यातल्या बहुतेक गोष्टी शेजारी एका फोनने हलक्या करू शकतात.

‘म्हाताऱ्या माणसांना व्हिडिओ कॉल जमत नाही, मग फोनचा काय उपयोग?’ हे दुसरं पालुपद. टेक्सासमध्ये २०२० साली २४० जणांवर एक प्रयोग झाला. घरपोच जेवण घेणारी ही माणसं, त्यांतली बरीच वयस्कर. निम्म्यांना १७ ते २३ वर्षांच्या मुलामुलींनी चार आठवडे फोन केले. हे फोन करणारे ना डॉक्टर होते ना समुपदेशक. समोरच्याचं ऐकून घ्यायचं, त्याला ज्या विषयावर बोलायचंय त्यावर बोलायचं, एवढंच थोडक्यात शिकवलेलं. ज्यांना फोन आले त्यांच्यात एकटेपणा, उदासी आणि चिंता, तिन्ही दुसऱ्या गटापेक्षा कमी झाले. ‘जामा सायकिअॅट्री’त हा अभ्यास २०२१ मध्ये छापून आला आहे. ‘काळजी घ्या’ असा मेसेज पुढे ढकलून हे साधत नाही. ‘संध्याकाळी सहाला करतो’ म्हणून सांगावं आणि सहाला करावा.

बाकीचे गैरसमज लवकर उरकतो.

अस्थींतून कोविड पसरतो: नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च २०२० च्या सूचनांतच राखेपासून धोका नाही, नातेवाइकांना अंत्यदर्शन घेता येईल आणि मृतदेहाला स्पर्श न होणारे विधी करता येतील, असं लिहिलं होतं. तरीही किती घरांना तेवढंही मिळालं नाही.

दाटीच्या वस्तीत हे सगळं अशक्य आहे: धारावीत घरात जागा नव्हती, म्हणून शाळा आणि सभागृहांत विलगीकरणाची सोय झाली आणि तिथे जेवण पोचवलं गेलं. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ आटोक्यात आणण्याचं उदाहरण म्हणून धारावीचं नाव घेतलं.

बरा झालेला माणूस महिनाभर आजार पसरवतो: आरटी-पीसीआर कधीकधी कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येते, कारण तिला विषाणूचे निर्जीव तुकडेही सापडतात. म्युनिकमधल्या नऊ सौम्य रुग्णांच्या २०२० मधल्या अभ्यासात लक्षणं सुरू झाल्यापासून आठव्या दिवसानंतर घेतलेल्या नमुन्यांत जिवंत विषाणू वाढला नाही. फ्लूचा रुग्णही साधारण पाच-सात दिवसच आजार पसरवतो, त्यानंतर त्याच्याशी लिफ्टमध्ये बोलायला हरकत नाही.