पडदा काळवंडतो तेव्हा

बालरोगतज्ज्ञाला एक अनुभव वरचेवर येतो. आई घाबऱ्याघुबऱ्या मुलाला घेऊन येते आणि सांगते, "डॉक्टर, काल हा एकाएकी निळा पडला, डोळे फिरवले, अंग सैल झाले." आपण तपासतो तेव्हा ते बाळ मजेत आपल्या स्टेथोस्कोपची नळी ओढत असते. झटका आपल्या डोळ्यांसमोर क्वचितच येतो. निदान होते ते आईच्या सांगण्यावरून. आधी रडला की आधी निळा पडला? किती वेळ तसा होता? नंतर लगेच ओळखू लागला की झोपी गेला? रडताना श्वास कोंडणे आणि अपस्मार यांतील फरक बहुधा या तीन प्रश्नांतच उलगडतो.

दवाखान्यातल्या संगणकाचा पडदा अधूनमधून काळा पडू लागला, तेव्हा हा तीस वर्षांचा अनुभव मला आठवायला हवा होता. तो आठवला नाही. त्या चुकीची ही कथा आहे आणि त्यातून शिकलेले थोडे शास्त्रही आहे.

आमच्या स्वागतकक्षातील त्या यंत्रात अकरा वर्षांच्या लसीकरणाच्या आणि वजन-उंचीच्या नोंदी आहेत. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला. तळमजल्यांवर पाणी शिरले आणि अनेक घरांतील कपाटांबरोबर मुलांची लसीकरणाची कार्डेही भिजून गेली. त्यानंतर कित्येक पालक आमच्याकडे नव्या प्रती मागायला आले आणि आम्ही त्या याच यंत्रातून छापून दिल्या. तेव्हा अभिमान वाटला होता. त्या नोंदींची दुसरी प्रत कुठेच नाही, हा विचार मात्र मनाला शिवला नाही.

२०२५च्या उन्हाळ्यात पडदा काळा पडू लागला. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांसमोर यंत्र तासभर निमूटपणे चालले. "मॉनिटर जुना झाला आहे," असे निदान झाले. नवा मॉनिटर आणला. चौथ्या दिवशी तोही काळा पडला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मग दुसरा सल्ला मिळाला, "सर्व पुसून विंडोज नव्याने घालू." मी जवळजवळ होकार दिला होता. त्याच सकाळी परदेशी निघालेल्या एका कुटुंबातील आई मुलाच्या लसींचा दाखला घ्यायला आली. पुरात कार्ड गेलेल्यांपैकीच ती एक. नाव शोधले आणि पडदा काळा झाला. ती शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, आता तुमच्याकडेच काय ते आहे." त्या वाक्याने मी भानावर आलो. 'सर्व पुसून' या दोन शब्दांत अकरा वर्षांची बालके पुसली जाणार होती.

म्हणून पहिला नियम आपल्याच शास्त्रातला : आधी रुग्ण स्थिर करा, मग तपासण्या. यंत्र अधूनमधून का होईना चालत आहे, तोवर सर्व नोंदी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडतात याची खात्री करा. त्यानंतरच स्क्रू-ड्रायव्हर हाती घ्या. आम्ही त्या रात्री तेच केले. दाखला दुसऱ्या दिवशी त्या माउलीच्या हाती पडला.

आता निदानाकडे वळू. 'पडदा काळा पडला' हे लक्षण आहे, रोग नव्हे. जसा 'ताप'. पडद्यावर चित्र दिसण्यासाठी चार दुवे शाबूत लागतात : वीजपुरवठा, चित्र तयार करणारा ग्राफिक्सचा भाग, ते वाहून नेणारी केबल आणि मॉनिटर. कोणताही दुवा निखळला तरी दिसते ते एकच, काळोख. त्यामुळे पहिला प्रश्न असा : काळोख पडला तेव्हा यंत्र जिवंत होते का?

हे ठरवायला उपकरणे लागत नाहीत. पत्र्याच्या डब्यातील, म्हणजे ज्याला आपण सरसकट 'सीपीयू' म्हणतो त्यातील, पंखा फिरतो का ते ऐका. कीबोर्डवरील कॅप्स लॉकचे बटण दाबा. त्याचा दिवा दर खेपेस लागत-विझत असेल, तर यंत्र शुद्धीवर आहे आणि दोष बहुधा चित्राच्या वाटेवर आहे. दिवा जागचा हलत नसेल, तर यंत्र आतून गोठले आहे. पंखा, दिवा सारेच बंद असेल, तर वीजपुरवठ्याकडे पाहा. हे आपले नाडी, श्वास आणि बाहुलीची प्रतिक्रिया तपासणेच होय.

नंतर मॉनिटर. त्याचे स्वतःचे मेनूचे बटण दाबा. काळ्या पडद्यावर मेनू उमटला किंवा 'नो सिग्नल' अशी पाटी आली, तर मॉनिटर निरोगी आहे. त्याच्यापर्यंत काही पोचत नाही, एवढेच. मेनूही दिसत नसेल तर टॉर्चचा झोत तिरका टाकून पाहा. आत अंधूक चित्र दिसले, तर मॉनिटरमागचा प्रकाश गेला आहे. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी मी केली असती, तर नव्या मॉनिटरचे पैसे वाचले असते.

तिसरा प्रश्न कालावधीचा. दोन-तीन सेकंद काळोख आणि आपोआप प्रकाश, अशी तक्रार असेल, तर प्रथम केबल संशयित. दोन्ही टोके काढून घट्ट बसवा, केबल बदलून पाहा. येथे एक गमतीचे, पण खरे कारण सांगतो. गॅसच्या दांड्यावर वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून उठताना स्थिर विजेचा सूक्ष्म स्फोट होतो, त्याचा लहरी-धक्का कमी प्रतीची केबल पकडते आणि पडदा क्षणभर काळा होतो. बाळाला वजनकाट्यावर ठेवायला आपण उठतो तेव्हाच असे होत असेल, तर चांगल्या आवरणाची आखूड केबल हा इलाज आहे. क्षणिक काळोखाचे दुसरे कारण ग्राफिक्सची आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर. ग्राफिक्सने साधारण दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज त्याला स्वतःच नव्याने सुरू करते. हेच आपण हातानेही करू शकतो : विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबावीत. पडदा परत आला, तर ड्रायव्हर अद्ययावत करावा, किंवा अलीकडच्या अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर मागच्या आवृत्तीवर जावे.

काळोख नेमक्या पाच-दहा मिनिटांनी पडत असेल आणि माउस हलवताच जात असेल, तर तो रोगच नव्हे, ती झोप आहे. सेटिंग्जमध्ये पडदा विझण्याची वेळ वाढवावी. निरोगी बाळाला औषध देऊ नये.

यंत्र संपूर्ण बंद पडत असेल, तर क्रम असा : भिंतीतील पिन, यूपीएस, मग एसएमपीएस. यूपीएसची बॅटरी काही वर्षांनी थकते आणि वीज जराशी डगमगली तरी हात टेकते. यूपीएसवर लेझर प्रिंटर जोडू नये, त्याचा क्षणिक भार मोठा असतो. एसएमपीएस हा डबा २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो. तो कधीही उघडू नये. पिन काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो. तो बदलायचा असतो, दुरुस्त करायचा नसतो. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसली तर गोंधळू नये. यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढेच ती सांगते. ती मृत्यूची वेळ आहे, कारण नव्हे.

आमच्या रुग्णाचे काय झाले? आमच्याकडे नोंदी ठेवणाऱ्या बेनना मी तापाच्या तक्त्यासारखा एक तक्ता आखून दिला : वेळ, त्या वेळी चाललेले काम, पंखा, कॅप्स लॉक. पहिल्याच दिवशी त्यांनी हाक मारली, "साहेब, पंखो तो फरे छे!" आठ दिवसांत नऊ झटके नोंदले गेले. नऊही वेळा पंखा चालू, कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म, मॉनिटरवर 'नो सिग्नल'. आणि मुख्य म्हणजे यंत्र सुरू केल्यानंतरच्या पहिल्या तासात एकही झटका नाही. सारे उशिरा, तेही बहुतेक दुपारच्या तोंडावर. वीज आणि मॉनिटर निर्दोष ठरले. यंत्र तापल्यावरच आजारी पडते, हे तक्त्याने न बोलता सांगितले.

डबा टेबलाखालच्या दार लावलेल्या लाकडी कप्प्यात होता. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे त्या कप्प्याला कोणी सांगितले नव्हते. आधी फक्त दार उघडे ठेवले. दोन दिवसांत झटके कमी झाले, पण थांबले नाहीत. मग पिन काढून, हात धातूच्या चौकटीला लावून स्थिर वीज घालवून डबा उघडला. आत पांढरट लेप! धूळ होतीच, त्यात आमच्या बालरुग्णांच्या अंगावरची टाल्कम पावडरही मिसळली असावी. ग्राफिक्स कार्डावरचा चिमुकला पंखा त्या लेपात रुतून बसला होता. हे कार्ड काही वर्षांपूर्वी प्रतीक्षाकक्षात दुसरा पडदा लावण्यासाठी बसवले होते. तो पडदा केव्हाच गेला, कार्ड मात्र आंत्रपुच्छासारखे मागे राहिले आणि अखेर सुजले. ते काढून टाकले आणि केबल मदरबोर्डच्या स्वतःच्या जागेवर जोडली. त्या दिवसापासून आजवर पडदा काळा पडलेला नाही. प्रत्येक यंत्राच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय असतेच असे नाही; तेव्हा कार्ड काढण्यापूर्वी तेवढे विचारून घ्यावे.

धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून हवा मारावी, ती गरगर फिरू देऊ नयेत. रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा घट्ट बसवणे हाही निरुपद्रवी उपाय आहे. यंत्र सुरू होतानाच पडदा काळा राहत असेल तर तो आधी करावा. एका वेळी एकच बदल करावा. तीन औषधे एकदम दिली, तर बरे कशाने वाटले ते कळत नाही. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यावर चालणारी दवाखान्यांतील यंत्रे बदलण्याचा विचार याच निमित्ताने व्हावा.

शेवटी मूळ मुद्दा. कार्ड गेले, मॉनिटर गेला, तर बाजारात दुसरा मिळतो. नोंदी मिळत नाहीत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमावलीत आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्यात आणि मागितल्यास ७२ तासांत द्याव्यात, असे सांगितले आहे. नोंदी संगणकावर घेण्याचा प्रयत्न करावा, असेही त्यात आहे. मुलाच्या लसींची गरज त्याहून कितीतरी अधिक काळ पुरते. म्हणून तीन-दोन-एकचा नियम पाळावा : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दवाखान्याबाहेर. बडोदेकरांसाठी मी त्यात पदरची एक पुस्ती जोडतो : बाहेरची ती प्रत तळमजल्यावर नसावी.

आमच्याकडे आता दर शनिवारी दवाखाना बंद करताना बेन हार्ड डिस्क जोडतात, प्रत घेतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करतात. महिन्यातून एकदा मी त्या प्रतीतून कोणत्याही एका बाळाचे नाव उघडून पाहतो. लस टोचली आणि ती लागू पडली, यांत फरक असतो हे आपल्याला ठाऊक आहेच. ही स्मरणिका मिटण्यापूर्वी व्यवसायबंधू-भगिनींनी आपल्या यंत्राला एवढाच प्रश्न विचारावा : आज पडदा काळा पडला, तर माझ्या बाळांचे काय?