जन्माआधीची शस्त्रक्रिया

मुलांनो, आपला हात मागे नेऊन पाठीच्या मधोमध फिरवून पाहा. लहान लहान मणक्यांची एक माळ हाताला लागते. हा आपला पाठीचा कणा. या मणक्यांच्या पोकळीतून मेरुरज्जू खाली जातो. तो दोरीसारखा लांब, पण फार नाजूक असतो. पाय उचलण्याचा मेंदूचा निरोप मेरुरज्जूतूनच पायाकडे जातो.

आईच्या पोटात गर्भ वाढू लागतो, तेव्हा मेरुरज्जू सुरुवातीला एका सपाट पट्टीसारखा असतो. या पट्टीच्या कडा वर वळतात, एकमेकींना जुळतात आणि तिची नळी बनते. हे काम गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत पुरे होते. कधी कधी या नळीचा काही भाग उघडाच राहतो. तेथील मणकेही नीट जुळत नाहीत. या व्यंगाला ‘स्पायना बायफिडा’, म्हणजे दुभंगलेला कणा, असे म्हणतात. व्यंग गंभीर असेल, तर मुलाचे पाय लुळे पडू शकतात. लघवीवर ताबा राहत नाही. अनेकांच्या डोक्यात पाणी साठते. ते काढून देण्यासाठी एक बारीक नळी बसवावी लागते.

पूर्वी बाळ जन्मल्यावरच डॉक्टर ही उघडी जागा शिवत. पण तोवर उशीर झालेला असे. गर्भाशयातील पाण्याने आणि घासल्याने उघड्या मज्जातंतूंचे नुकसान होतच राही. मग डॉक्टरांनी विचार केला, जन्माची वाट का पाहावी?

या शस्त्रक्रियेत आईला भूल देऊन तिचे गर्भाशय उघडतात. बाळाची पाठ समोर आणून उघडी जागा शिवतात आणि गर्भाशय पुन्हा बंद करतात. बाळ आतच वाढत राहते. अमेरिकेतील तीन रुग्णालयांत या उपचाराची कसून परीक्षा झाली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्या १०० बाळांपैकी सुमारे ८२ जणांना डोक्यातील पाण्यासाठी नळीची गरज पडली. जन्माआधी झालेल्यांत हे प्रमाण ४० होते. अडीच वर्षांच्या वयात आधाराशिवाय चालणारी मुले १०० मागे २१ वरून ४२ झाली. मात्र यात आईलाही धोका असतो. बाळ वेळेआधी जन्मू शकते. आईच्या गर्भाशयावरचा व्रण पुढच्या बाळंतपणात त्रास देऊ शकतो.

तरीही निम्म्याहून अधिक मुले आधाराशिवाय चालू शकली नाहीत. म्हणून कॅलिफोर्नियातील डॉ. डायना फार्मर आणि शास्त्रज्ञ ऐजुन वांग यांनी पुढचे पाऊल टाकले. बाळंतपणानंतर वार पडते. एरवी ती टाकूनच देतात. या वारेतून त्यांनी मूळ पेशी मिळवल्या. या पेशी मज्जातंतूंना वाचवणारी द्रव्ये सोडतात. पेशींची एक लहानशी पट्टी मेरुरज्जूवर ठेवून त्यावर कातडी शिवायची, अशी ही कल्पना आहे. आधी मेंढीच्या कोकरांवर प्रयोग झाले. २०२१ मध्ये असा उपचार मिळालेले पहिले बाळ जन्मले. पण एकदोन बाळांवरून उपचार सिद्ध होत नाही. तो सुरक्षित आहे का, याची परीक्षा आधी व्हावी लागते. त्यामुळे कोणी आजच मूळ पेशींनी हमखास बरे करण्याची जाहिरात केली, तर तिला भुलू नका.

या व्यंगापासून बचावाचा एक सोपा उपायही आहे. फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाने हा धोका पुष्कळ कमी होतो, हे १९९१ मध्ये एका मोठ्या अभ्यासात सिद्ध झाले. पालक, मेथी, हरभरा, मूग यांतून ते थोडेफार मिळते. पण तेवढे पुरत नाही, म्हणून डॉक्टर त्याची गोळी देतात. ही गोळी गर्भ राहण्यापूर्वीच सुरू करावी लागते. याचे कारण आता तुम्हीच सांगू शकाल. ते २८ दिवस आठवा! आपण आई होणार हे अनेक स्त्रियांना कळते, तोवर ते दिवस संपत आलेले असतात.