तेल कुठे घालावे, कुठे नाही?

आपल्या घरी जशी मराठी-कानडी, तशी पांढुर्ण्यात मराठी-हिंदी. मध्य प्रदेशातील हा तालुका २०२३ मध्ये सौंसरसह जिल्हा झाला. तिथे माझ्या बहिणीचे सासर. सरकारी शाळेसाठी दुसऱ्या गावी जाणाऱ्या सहावी-नववीच्या मुलांना तिथे सरकारी योजनेतून सायकल मिळते. माझ्या भाचीलाही मिळाली.

एका रविवारी तिने स्वतःच सायकलचे तेलपाणी केले. चेन कुरकुरत होती, ब्रेक करकरत होते. पोरीने दोन्हीकडे तेल सोडले. आवाज थांबला, पण उतारावर सायकल थांबेना! कुंपणात शिरली. गुडघे फुटले, थोडक्यात निभावले.

चेनला घर्षण नको असते, ब्रेकला ते हवेच असते. रबराने रिम घट्ट धरली तरच चाक थांबते. चुकून तेल लागलेच तर रिम साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी पुसावी. रबर पॉलिश पेपरने घासावे; तेल मुरले असेल तर नवे बसवावे. चेनलाही थेंब-थेंब तेल देऊन वरचे पुसून घ्यावे. मग सायकल हाताने ढकलत दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत आणि नंतरच टांग मारावी.

मुलांच्या हातातला पाना काढून घेऊ नका. पहिल्या वेळी फक्त शेजारी उभे राहा.